माहेरच्या नावाचा धागा: कॅनडातल्या पहिल्या फ्रेंच घराण्यांची वंशावळ कशी शोधावी

माँट्रियल, टोरांटो किंवा बॉस्टनकडे स्थिरावलेल्या मराठी घरांत फ्रेंच-कॅनेडियन सून किंवा जावई असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नातवंडांसाठी वंशवृक्ष मांडायला बसलं, की आपली बाजू पाच-सात पिढ्यांपाशी अडखळते. क्वेबेककडची बाजू मात्र नीट शोधली तर शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत सहज जाते, आणि तीही नाव, गाव, तारीख यांसकट. हा लेख त्या बाजूसाठी आहे. ज्यांचं क्वेबेकशी नातं नाही, पण जुने दस्त वाचायची आवड आहे, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या शोधाचा अर्धा अंदाज आधीच आलेला असतो: कोण आलं, कोणाचा मुलगा, कुठल्या गावचा. फरक एकच, पण फार मोठा. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळींत पुरुषांची साखळी असते. बाई आली तर सासरच्या नावाने येते, आणि तिचं माहेर शोधता शोधता दमछाक होते. क्वेबेकच्या चर्चच्या नोंदवह्यांत बाई बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत बापाच्याच आडनावाने लिहिली जाते. नवरा मेला, तिने दुसरं लग्न केलं, तरी नाव तेच. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की फक्त आडनावाची रेषा धरून मागे जाऊ नका. प्रत्येक पिढीत आईचं माहेर टिपा आणि तीही रेषा चालवा. नोंदी तशी सोय देतात, आणि जिथे बापाची रेषा अडते तिथे पुष्कळदा आईचं माहेर वाट काढून देतं.

आधी काळाचा आराखडा

फ्रेंच दर्यावर्दी शाँप्लेंने क्वेबेकची वसाहत १६०८ मध्ये उभारली. लुई एबेर हा औषधविक्रेता बायको मारी रोले आणि मुलांसह १६१७ मध्ये आला. शेती करून राहिलेलं हे तिथलं पहिलं फ्रेंच कुटुंब. त्र्वा-रिव्हिएर १६३४ चं, माँट्रियल १६४२ चं. १६६३ मध्ये चौदाव्या लुईने वसाहत व्यापारी कंपनीकडून काढून थेट आपल्या हाती घेतली, आणि खरी वस्ती त्यानंतर वाढली. १७६० मध्ये माँट्रियल इंग्रजांच्या हाती पडलं, १७६३ च्या पॅरिस तहाने सगळा मुलूख त्यांच्याकडे गेला आणि फ्रान्समधून येणाऱ्यांचा ओघ आटला. म्हणजे तुमचा शोध साधारण दीडशे वर्षांत आलेल्या, संख्येने मोजक्या माणसांपर्यंत पोचणार आहे. १६६६ मध्ये इंतेंदां, म्हणजे राजाचा मुलकी कारभारी, जाँ तालों याने खानेसुमारी घेतली तेव्हा सैनिक सोडून ३,२१५ माणसं भरली. एवढ्याशा वस्तीतून आजचे लाखो लोक आले, त्यामुळे एकच जोडपं तुमच्या वृक्षात तीन-चार ठिकाणी दिसलं तर घाबरू नका. तसं ते दिसणारच.

सुरुवात घरातून

घरातल्या ज्येष्ठांना आडनाव विचारण्यापेक्षा लग्न विचारा: आजी-आजोबांचं लग्न कुठल्या गावात, कुठल्या चर्चमध्ये, साधारण कधी झालं? घरात दफनविधीच्या वेळी वाटलेली छोटी छापील कार्डं असतील तर ती मागून घ्या. क्वेबेकमधल्या घरांत ती जपून ठेवलेली असतात. दफनभूमीत गेलात तर दगडावर बायकोचं नाव बहुधा माहेरच्या आडनावाने कोरलेलं सापडेल. १९४० च्या आधीचं एक लग्न नक्की झालं, की पुढचं काम वहीत बसून करता येतं.

कुटुंब अमेरिकेत गेलेलं असेल तर एक अडचण आधीच सोडवून घ्या. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले, बरेचसे न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथे ब्वाव्हेरचे ग्रीनवुड झाले, लब्लांचे व्हाइट झाले, र्वाचे किंग झाले, लाजनेसचे यंग झाले. इंग्रजी आडनाव घेऊन क्वेबेकच्या वह्यांत शोधलं तर हाती काही लागणार नाही. ते नाव फ्रेंचमध्ये उलटून पाहा, आणि मॅसॅच्युसेट्स किंवा ऱ्होड आयलंडमधल्या फ्रेंच चर्चची लग्ननोंद मिळवा. त्यात क्वेबेकमधलं मूळ गाव आलेलं असण्याची शक्यता दाट असते.

लग्नाची नोंद हा कणा

क्वेबेकमध्ये १९९३ अखेरपर्यंत चर्चच्या वह्या हाच जन्म, विवाह, मृत्यूचा सरकारी दस्त मानला जाई. प्रत्येक वहीच्या दोन प्रती: एक चर्चमध्ये, एक न्यायालयात. या वह्या द्रुएँ संस्थेने विसाव्या शतकाच्या चाळिशीत मायक्रोफिल्मवर घेतल्या. द्रुएँ संग्रह नावाने तो साठा वर्गणी भरून ऑनलाइन पाहता येतो, अँसेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावरही आहे. फॅमिलीसर्च या दुसऱ्या संकेतस्थळावर खातं उघडलं की क्वेबेकच्या कॅथलिक वह्या फुकट पाहता येतात. पैसे खर्च करण्याआधी तिथून सुरुवात करा.

लग्नाची नोंद ठरावीक साच्यात असते. आधी चर्चमध्ये तीनदा जाहीर घोषणा झाल्याचा उल्लेख, मग वर, त्याचे वडील आणि आई दोघांची पूर्ण नावं, त्यांचं गाव, पाठोपाठ वधू आणि तिच्या आईवडिलांची तशीच नावं, नंतर साक्षीदार, शेवटी सह्या, किंवा सही करता येत नसल्याचं निवेदन. नावाआधी 'फ्यू' असं लिहिलं असेल तर तो माणूस तोवर वारलेला आहे. हा छोटासा शब्द सोडू नका, त्यावरून मृत्यूची नोंद कुठल्या वर्षाआधी शोधायची हे कळतं. वर किंवा वधू विधुर-विधवा असेल तर बऱ्याचदा आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचं नाव येतं. मग त्या पहिल्या लग्नाची नोंद काढायची, आईवडील तिथे मिळतात.

एक नोंद चार नावं देते, त्या चार नावांतून दोन जुनी लग्नं, त्यांतून पुन्हा आठ नावं. असं पिढीमागून पिढी लग्नावर पाय ठेवत मागे जायचं. बाप्तिस्मा आणि दफन या नोंदी पुराव्याला लागतात, पण साखळी लग्नांचीच. ज्यांनी जन्मनोंदींवरून वृक्ष उभा केला त्यांच्या वृक्षात चुकीचा 'जोसेफ' शिरलेला मी वारंवार पाहिला आहे. कारण साधं आहे: एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लागत असे, घरात हाक मारायचं नाव शेवटी येई. शिवाय मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देत. एकाच घरात दोन पिएर सापडले तर पहिल्याचं दफन आधी शोधा.

वाचताना आणखी एक फसवी जागा म्हणजे महिने. पाद्री सप्टेंबरला ७ चा आकडा घालून 'ब्र' लिहीत, ऑक्टोबरला ८, नोव्हेंबरला ९, डिसेंबरला रोमन दहा. ७ म्हणजे जुलै समजून वंशवृक्षात उतरवलेल्या तारखा ऑनलाइन शेकड्याने पडलेल्या आहेत.

लग्नाच्या नोंदीत 'तिसऱ्या ते चौथ्या पायरीच्या नात्याची सूट' असं काही लिहिलेलं दिसलं तर थांबा, ते सोनं आहे. चर्चच्या हिशेबात सख्खी भावंडं पहिली पायरी, चुलत-मावस-आत्ते-मामे भावंडं दुसरी, त्यांची मुलं एकमेकांची तिसरी, आणि त्यांची मुलं चौथी. चौथ्या पायरीपर्यंत लग्नाला बिशपची परवानगी लागे. म्हणजे वर-वधूचा सामाईक पूर्वज किती पिढ्या मागे आहे हे पाद्री तुम्हाला सांगून गेला आहे. दोन्ही बाजू तेवढ्या मागे नेल्या आणि गाठ पडली नाही, तर मधली एखादी पिढी चुकली असं समजा.

आडनाव, आणि 'दी' लावलेलं ऊर्फ

एका घराण्याची दोन आडनावं असणं इथे अगदी नेहमीचं. मिव्हिल दी देशेन, उदों दी बोलियु, असं लिहिलेलं असतं. 'दी' म्हणजे आपल्या दस्तांतलं ऊर्फ. काही ऊर्फ नावं जमिनीवरून पडली, काही मूळ प्रांतावरून, आणि पुष्कळशी सैन्यातून आली. १६६५ मध्ये इरोक्वा या मूळनिवासी लोकांशी लढायला कारिन्याँ-सालिएर पलटण आली, बाराशेच्या आसपास सैनिक. पलटण १६६८ मध्ये परतली तेव्हा त्यातले चारशेच्या आसपास इथेच राहिले, जमीन घेतली, लग्नं केली. सैनिकाला पलटणीत एक नाव मिळे: लाफ्लर, साँसूसी, लादूसर, लाव्हियोलेत. पुढच्या पिढ्यांत एक भाऊ मूळ आडनाव चालवतो, दुसरा ऊर्फ धरतो, आणि दोन्ही शाखा पाच पिढ्यांनंतर एकमेकांना परक्या होतात.

म्हणून प्रत्येक घराण्यासाठी नावांची एक यादी करा: मूळ, ऊर्फ, आणि दोन्हींची जेवढी स्पेलिंगं सापडतील तेवढी. पाद्री कानाने ऐकून लिहीत. फ्रेंचमध्ये शब्दारंभीचा 'ह' उच्चारत नाहीत, त्यामुळे एबेर हे नाव 'ह'सह, 'ह'शिवाय, कधी 'आ'ने सुरू झालेलं, अशा सगळ्या रूपांत भेटतं. शोधाच्या खिडकीत आडनाव न टाकता नवऱ्याचं आणि बायकोचं फक्त पहिलं नाव, चर्च आणि दहा वर्षांचा टप्पा टाकून पाहा. दोन्ही नावांची जोडी दुर्मीळ असेल तर हाच उपाय सगळ्यात लवकर फळतो, आणि इथेही उपयोगी पडतं ते बायकोचंच नाव.

तयार साधनं, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं

सिप्रियें ताँगे या पाद्रीने १८७१ ते १८९० दरम्यान सात खंडांत घराण्यांचा कोश छापला. काम प्रचंड, पण चुका पुष्कळ. त्याकडे दिशादर्शक म्हणून पाहा, पुरावा म्हणून नाही. रने जेते यांचा १९८३ चा कोश १७३० पर्यंतच्या घराण्यांसाठी जास्त भरवशाचा. माँट्रियल विद्यापीठातला पीआरडीएच हा लोकसंख्या-इतिहासाचा प्रकल्प १९६६ पासून चालू आहे. त्यात वसाहतीच्या आरंभापासूनच्या कॅथलिक नोंदी एकमेकींशी जोडून कुटुंबं उभी केली आहेत. थोडे पैसे पडतात, पण १८०० च्या आधीच्या काळासाठी याहून चांगला खर्च नाही. फ्रान्समधल्या मूळ गावाचा शोध लागलेल्यांची यादी फिशिए ओरिजिन या मुक्त संकेतस्थळावर मिळते.

लोकांनी चढवलेले वंशवृक्ष मात्र फक्त इशारा म्हणून घ्या. मूळ नोंदीचं चित्र स्वतः पाहिल्याशिवाय एकही नाव पक्क्या शाईने लिहू नका.

नोटरीचे दस्त: माणसं इथे जिवंत होतात

चर्चच्या वहीतून सांगाडा मिळतो. अंगावर मांस चढतं ते नोटरीच्या कागदांतून. पॅरिसच्या रिवाजाप्रमाणे लग्नाआधी नोटरीसमोर करार करत: कोण काय आणतंय, नवरा वारला तर बायकोला किती मिळेल, साक्षीला कोण कोण हजर होतं. या करारांत अनेकदा चर्चच्या नोंदीत नसलेले मामा, सावत्र बाप, मेहुणे भेटतात.

जवळून पाहण्यासारखा एक दस्त २७ जुलै १६३६ चा आहे. रोबेर द्रुएँ आणि आन क्लूतिए यांचा विवाहकरार. कॅनडात टिकून राहिलेल्या अशा करारांत हा सर्वांत जुना. लिहिला जाँ ग्युयों या गवंड्याने. वधूचा बाप झाकारी क्लूतिए हा पेर्श प्रांतातल्या मोर्तान्यकडचा सुतार, रोबेर जिफारच्या जहागिरीवर काम करायला १६३४ मध्ये आलेला. त्याला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचं चित्र काढी. क्लूतिए घराण्याचे वंशज आज उत्तर अमेरिकाभर आहेत, आणि त्यांच्यातल्या कोणालाही त्या मूळपुरुषाच्या हातची ती कुऱ्हाड बघता येते. वंशावळ शोधताना एवढं मिळालं की दिवस सार्थकी लागतो.

मृत्यूनंतरची मालमत्तेची यादीही अशीच. भांडी, गाय, बंदूक, बिछाना, देणी, सगळं मोजलेलं. आणि त्याबरोबर हयात मुलांची नावं, वयं, लग्न झालेल्या मुलींचे नवरे, अज्ञान मुलांचा पालक. एका कागदात अख्खं कुटुंब. चर्चची वही गहाळ असेल तिथे हीच यादी आधार देते. फ्रेंच राजवटीतल्या नोटरी दस्तांची सूची पार्शमाँ या डेटाबेसमध्ये आहे, आणि मूळ कागदांची चित्रं मोठ्या प्रमाणावर क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मिळतात. अक्षर कठीण असतं. एकाच नोटरीचे चार-पाच करार लागोपाठ वाचा. साचा पाठ झाला की अक्षर सुटत जातं.

राजाच्या मुली

१६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजाच्या खर्चाने सुमारे ७७० अविवाहित मुली आणि विधवा वसाहतीत पाठवल्या गेल्या. पुरुष खूप, बायका अगदी थोड्या, म्हणून. बऱ्याच पोरक्या होत्या, काही पॅरिसच्या सालपेत्रिएर आश्रमातल्या. तुमच्या वृक्षातली बाई त्यांच्यापैकी आहे का हे ओळखायला विवाहकरार पाहा: राजाने दिलेली ५० लिव्ह्रची (लिव्ह्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) देणगी लिहिलेली असेल तर खूण पटली. सगळ्यांच्या करारात ती नाही, त्यामुळे नसली तरी लगेच नाव काढू नका. तिच्या येण्याचं वर्ष आणि पहिल्या लग्नाची तारीख जुळवा. काहींनी एक करार केला, तो मोडला आणि महिन्याभरात दुसऱ्याशी लग्न केलं. नुसता करार सापडला म्हणून लग्न झालं असं धरू नका, चर्चची नोंद हवीच.

या बायकांबद्दल नंतरच्या काळात बरंच वाईट लिहिलं गेलं, त्या वेश्या होत्या असंही. दस्त तसं सांगत नाहीत. घरात कोणी ती गोष्ट सांगितली तर करार काढून समोर ठेवा.

वह्या जिथे नाहीत

१४ जून १६४० ला क्वेबेकच्या चर्चला आग लागली आणि तोपर्यंतच्या वह्या जळाल्या. नंतर आठवणीतून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या, त्यामुळे १६४० आधीच्या तारखांकडे थोडं सैल नजरेने पाहा. पोकळी भरायला १६६६, १६६७ आणि १६८१ च्या खानेसुमाऱ्या आहेत. शेवटचीत प्रत्येक घराची गुरं, बंदुका आणि लागवडीखालची जमीनही आहे. वयं मात्र अंदाजे सांगितलेली.

अकादीची, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाकडची कथा जास्त दुःखाची. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांना हुसकावून जहाजांत भरलं, आणि बहुतेक वह्या गेल्या. पोर-रॉयालच्या १७०२ पासूनच्या वह्या वाचल्या. ग्राँ-प्रेच्या काही वह्या निर्वासितांनी बरोबर नेल्या आणि त्या लुइझियानात पोचल्या. फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसवलेल्या अकादी कुटुंबांकडून १७६७ मध्ये शपथेवर त्यांची वंशावळ लिहून घेतली गेली. तुमचं घराणं अकादी असेल तर ही निवेदनं आणि १६७१ ची अकादीची खानेसुमारी यांपासून सुरुवात करा.

मूळनिवासी पूर्वजांबद्दलही इथेच. बऱ्याच ऑनलाइन वृक्षांत आईवडील न सापडलेल्या बाईला सरळ मूळनिवासी ठरवलेलं दिसतं. असे विवाह झाले, पण आरंभीच्या काळात थोडे. मार्तें प्रेव्हो आणि मारी ऑलिव्हिए सिल्व्हेस्त्र मानितूआबेविश यांचं ३ नोव्हेंबर १६४४ चं लग्न वहीत आहे. असाच कागद असेल तर लिहा, नाहीतर रकाना कोरा ठेवा.

समुद्रापलीकडे

लग्नाच्या नोंदीत फ्रान्समधलं गाव आणि बिशपचा प्रांत मिळाला, की फ्रान्सच्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराचं संकेतस्थळ उघडा; बहुतेकांच्या वह्या फुकट पाहता येतात. पेर्शसाठी ऑर्न जिल्हा, ला रोशेलसाठी शारांत-मारितिम, रूआँ आणि दिएपसाठी सेन-मारितिम. क्वेबेकमधलं सगळ्यात पसरलेलं आडनाव त्राँब्ले घ्या. पिएर त्राँब्ले आणि ओझान आशों यांचं लग्न क्वेबेकला २ ऑक्टोबर १६५७ ला झालं. त्याचं गाव ऑर्नमधलं राँदोने, ती ला रोशेलकडची. म्हणजे एका जोडप्यासाठी दोन जिल्ह्यांच्या वह्या, आणि ओझानची बाजू बघितलीच नाही तर अर्धं घराणं हरवलं. पॅरिसमधल्या पूर्वजांबाबत मात्र मन घट्ट करावं लागतं. १८७१ च्या उठावात लागलेल्या आगीत १८६० आधीच्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या वह्या तिथे जळाल्या. उरतात नोटरीचे कागद.

आणि एक वाट आपल्या किनाऱ्याकडे

क्वेबेकमध्ये फ्रेंच रेषा फ्रान्सलाच पोचते. हिंदी महासागरातल्या बुर्बों बेटाचं, म्हणजे आजच्या रेयुनियोंचं, तसं नाही. १६६५ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने तिथे वस्ती बसवली, पण फ्रेंच बायका जवळजवळ नव्हत्याच. पहिल्या वसाहतवाल्यांनी मादागास्करच्या स्त्रियांशी लग्नं केली, आणि १६७८ मध्ये सुरतेहून आलेल्या इंडो-पोर्तुगीज तरुणींशी, ज्यांच्यात गोवा-दमणकडच्या मुलीही होत्या. बेटावरच्या अनेक जुन्या, स्वतःला फ्रेंच म्हणवणाऱ्या घराण्यांची आईकडची रेषा त्यामुळे आपल्या किनाऱ्याला लागते.

या वह्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या सागरपार अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. वसाहतींच्या वह्यांची एक प्रत फ्रान्सला पाठवण्याचा हुकूम जून १७७६ मध्ये निघाला, म्हणून हा साठा वाचला. पाँडिचेरी, कारिकल, माहेच्या वह्याही तिथेच. पद्धत वर सांगितली तीच, फक्त इथे पोर्तुगीज नाव फ्रेंच कानाने लिहिलेलं असतं: रोझारियोचं रोझेर होतं. वहीत जसं असेल तसं आधी उतरवून घ्या, पोर्तुगीज रूप शेजारच्या रकान्यात लिहा, आणि दोन्ही रूपांनी तिच्या मुलांचे बाप्तिस्मे शोधा. धर्ममाता म्हणून उभी राहिलेली बाई बऱ्याचदा तिच्याच बोटीतून आलेली असते.